गुडघाभर पाणी

जेलच्या भेटीत मोठी बहीण रामी आली की फागू जाळीतून तिला नवी कविता म्हणून दाखवायचा. रामीला वाचता येत नव्हतं. ऐकलेलं ओठांत घोळवत, जीपा बदलत ती पोशेऱ्याला परतायची. यावेळी ती बसण्याआधीच हसायला लागली. "तुझा नागलीचा गाना बायांनी आवणीला, रोपं लावताना म्हटला. पन नागली गुडघाभर पान्यात लावतात का रं? पानी भाताला. नागली उतारावर! ती ओळ आम्ही बदलली." फागू ओशाळला, भिंतीआड राहून तो आपला डोंगरच विसरला होता. "आता कसं म्हणता, बाय?" रामीनं डोळे मिटून सूर धरला. जाळी विरघळली आणि ओल्या उतारावर वाकलेल्या बाया त्याचे शब्द रोपांसारखे मातीत खोचत निघाल्या. वेळ संपली. उठताना रामी म्हणाली, "भाताचा गाना कधी देतोस? बाया थांबल्यात." बराकीकडे वळताना फागूनं नकळत पायजमा गुडघ्यापर्यंत दुमडला.