टाकीच्या तोंडाशी

धाकट्याने पुन्हा टाकीत उडी मारली आणि पडद्यावर पुन्हा दोघेही मेले. आत बेशुद्ध पडलेला जोडीदारही, आणि त्याला काढायला गेलेला धाकटाही.

"हा काय पोरखेळ आहे, ताई?" त्याने माउस ढकलून दिला.

ताई खिडकीपर्यंत गेली, परत आली. कारखान्यातल्या प्रशिक्षणाची जबाबदारी तिची होती. कामगारांसाठी दोहोंपैकी कोणता ऑनलाइन प्लॅटफॉर्म घ्यायचा, ते जेवणाच्या सुट्टीआधी कळवायचं होतं. त्यावर पास होईल तोच यापुढे रसायनाच्या टाकीत उतरणार होता, आणि टाकीत उतरणाराच नोकरीत कायम होणार होता. धाकट्याचं लग्न तेवढ्यावर अडलं होतं.

पहिल्या प्लॅटफॉर्मवर प्रश्न होते आणि चार-चार पर्याय. चाचणीत तिथे झाडून सगळे पास झाले, धाकटाही. दुसऱ्यावर प्रसंगच समोर उभा राही, आणि माणूस काय करतो तेवढंच मोजलं जाई. तिथे निम्मे गळाले. मॅनेजर सकाळीच दारातून डोकावून गेले होते. "मॅडम, कशाला डोक्याला ताप? पहिला घ्या. साहेब खूश, कामगार खूश, तुमच्या घरचेही खूश."

तिने माउसचा बाण पहिल्यावर नेला. मग दुसऱ्यावर. पुन्हा पहिल्यावर.

"पहिल्यात तू काय उत्तर दिलं होतंस रे?"

"आत विषारी वायू असू शकतो, उतरू नये. धोक्याची घंटा वाजवावी, मास्कवाल्यांना बोलवावं." त्याने घडाघडा म्हणून दाखवलं.

"मग इथे का उतरलास?"

"अगं, जोडीदार पडलाय आत! तो मरतोय आणि मी वर उभा राहून घंटा वाजवू? मला नाही जमायचं ते."

तिने दुसरा प्लॅटफॉर्म निवडला. बटण दाबलं.

धाकटा ताडकन उठला. खुर्ची मागच्या कपाटावर आदळली. "सख्ख्या भावाच्या पोटावर पाय दिलास! बाबा असते तर त्यांनी माझी पाठ थोपटली असती. तेही असेच उतरले होते, जोडीदारासाठी."

"हो," ताई म्हणाली. "वर थांबले असते, तर आज असते."