ऐंशी झाले

सुनेचं पत्र टेबलाच्या खणात तसंच पडून होतं. उत्तर लिहायला म्हातारा कितीदा तरी बसला. 'चि.' लिहून झालं की हात सवयीने 'सौ.' लिहायचा, आणि तिथेच कागद फाडावा लागायचा. उभा जन्म दुसऱ्यांच्या पुस्तकांची मुद्रितं तपासण्यात गेला होता, पण स्वतःची चार वाक्यं काही त्याला जुळवता येईनात.

तिचं मागणं एवढंसं होतं. 'छोटीला बाबाचे लग्नातले व्हिडिओ दाखवले, तर म्हणते, हा पाहुण्यांशी बोलणारा बाबा आहे, आपला नाही. तुमच्या लॅपटॉपमध्ये त्याचा घरातला आवाज आहे. तेवढा पाठवाल का?'

आवाज होता. मुलानेच तो भरून ठेवला होता. "बाबा, तुम्ही वाचायला बसलात की शेजारी ढोल वाजले तरी तुम्हाला पत्ता नसतो. चार्जर आपला दिवसभर तसाच. अशाने बॅटरी लवकर जाते," म्हणत त्याने सोय करून दिली होती. बॅटरी वीसवर उतरली की लॅपटॉप त्याच्या आवाजात म्हणे, "बाबा, वीस. लावा." ऐंशीला पोचली की, "बाबा, ऐंशी झाले. पिन काढा." आणि शेवटी दाबलेलं हसू.

मुलगा गेला. आवाज येत राहिला. म्हातारी स्वयंपाकघरातून दर वेळी ओ द्यायची, "हो रे, सांगते त्यांना." म्हातारा काही बोलायचा नाही. उठून पिन काढायचा. त्याने बॅटरी कधी शंभरपर्यंत चढू दिली नाही, शून्यावर येऊ दिली नाही. लॅपटॉप कधी उन्हात ठेवला नाही, गादीवर ठेवला नाही. मुलाने सांगितलेलं सगळं पाळलं.

तरी बॅटरी थकलीच. आधी दिवस दिवस गप्प असणारा मुलगा आता तासातासाला बोलायला लागला. वीस. ऐंशी. वीस. ऐंशी. जेवताना, दाराशी कुणी आलेलं असताना, म्हाताऱ्याचा नुकता डोळा लागलेला असताना. सुरुवातीला म्हाताऱ्याला बरं वाटलं. मग तो इतका का बोलतोय, हे लक्षात आलं.

आज लॅपटॉप टेबलावर सपाट बसेना, डुगडुगायला लागला. दुरुस्तीवाल्याने तो उलटा करून पाहिला.

"काका, बॅटरी फुगलीय. आता अजिबात चार्जिंगला लावू नका. पेट घेईल."

"दुसरी घालता येईल?"

"या मॉडेलची आता येत नाही. ही काढून टाकतो. नुसत्या चार्जरवर चालेल की."

"मग ऐंशी कधी होणार?"

दुरुस्तीवाल्याला प्रश्न कळला नाही. आतला आवाज तेवढा काढून द्याल का, हे म्हाताऱ्याच्या ओठांवर आलं होतं. पण मग कुणाचा, तेही सांगावं लागलं असतं. "उद्या आणतो," म्हणून त्याने लॅपटॉप उचलला.

घरी आल्यावर त्याने तो ओट्यावर ठेवला. म्हातारीने खिडकीतली कुंडी आणून शेजारी ठेवली. "पेटला तर माती तरी हाताशी असू दे."

"एकदाच लावू. बोलला की फोनमध्ये भरून घे. आणि हे बघ, मधेच ओ देऊ नकोस. सुनेने फक्त त्याचा आवाज मागितलाय."

"मी कशाला बोलतेय? दिवसभर पिन काढा, पिन काढा ऐकून कान किटलेत माझे," ती म्हणाली. मग एका हातात फोन धरून दुसऱ्याने तोंड दाबून बसली.

आकडा चढत गेला. लॅपटॉपची पाठ तापली. साठ झाले, सत्तर झाले. ओट्यापाशी कसलासा गोडसर वास यायला लागला. म्हातारीने तोंडावरचा हात न काढता डोळ्यांनीच विचारलं, बंद करू या? त्याने मान हलवली. नाही.

"बाबा, ऐंशी झाले. पिन काढा."

"काढतो रे."

म्हातारीचा हात अजून तोंडावरच होता.

म्हाताऱ्याने पिन उपसली. फोनमधलं ऐकून पाहिलं. मुलाचं दाबलेलं हसू त्या दोन शब्दांखाली बुडालं होतं.

"चुकलं. माझंच चुकलं," तो म्हणाला. "थोडं उतरू दे. पुन्हा लावू."

"अहो, वेडे आहात का?" म्हातारीने चार्जरची वायर स्वतःच्या हाताभोवती गुंडाळायला घेतली. "इतक्या दिवसांत पहिल्यांदा त्याच्याशी बोललात. जाऊ दे तसंच."

"पण तिला फक्त त्याचा..."

"छोटीला कळू दे की त्याचं कुणी ऐकत होतं."

रात्री फोनमधलं, आवाज भरलेलं नखाएवढं कार्ड त्याने पाकिटात घातलं. पत्रात 'चि.'ही लिहिलं नाही, 'सौ.'ही नाही. लिहिलं, 'बाळ, आवाज पाठवतो आहे. शेवटी माझाही आला आहे. तेवढं चालवून घे.' सवयीप्रमाणे लाल पेन हातात घेतलं, आणि टोपण न काढता खाली ठेवलं.

सकाळी दुरुस्तीवाल्याने बॅटरी काढून घेतली. हलका झालेला लॅपटॉप काखेत धरून म्हातारा परत निघाला. वाटेत पोस्टाची पेटी होती.

पाकीट अर्धं आत गेल्यावर तो थांबला. कुणी काही सांगतं का, याची त्याने वाट पाहिली. मग आपणहून पाकीट सोडलं आणि हात काढून घेतला.