गुडघ्याच्या मापाने

वेंडेलची स्टील गिटार टेबलासारखी चार पायांवर उभी राहणारी, जुन्या घडणीची. सूर चढवायला डाव्या पावलाखाली तीन पेडलं, बास. आता त्याला माझ्या दुरुस्तीच्या दुकानात तिला गुडघ्याने ढकलायचे दांडे बसवून हवे होते.

"याच पेडलांवर अख्ख्या टेक्सासला नाचवलंस. म्हातारपणी हे कसले चोचले? आणि एवढ्या जुन्या वाद्याला भोकं पाडू?" मी चिडलो.

"पाड रे. पेडलांचं सगळं काम दांड्यांवर घे."

मापासाठी त्याला गिटारीमागे बसवलं. खाली वाकलो, तर डाव्या पायात बूट नव्हता. पाऊल बँडेजमध्ये गुंडाळलेलं.

"शुगर," तो म्हणाला. "गुरुवारी कापतायत. पण डॉक्टरकडून कबूल करून घेतलंय, गुडघ्याला हात लावायचा नाही."