जांभळा घोडा

भुसावळच्या रेल्वे ऑफिसातला प्रशील छत्तीस वर्षांचा, बिनलग्नाचा, आणि पंखवाल्या रंगीत घोड्यांच्या एका विलायती कार्टूनचा अट्टल भक्त. त्या घोड्यांच्या बाहुल्या घ्यायला तो दर महिन्याला मुद्दाम जळगाव गाठायचा, ओळखीचं कुणी बघायला नको म्हणून. दुकानदाराने विचारलं, की बिनदिक्कत सांगायचा, "मुलीसाठी."

यंदा धुळ्याचं स्थळ आलं. सपना त्याला बघताक्षणी आवडली, तीही गालात हसत होती. तेवढ्यात तिचे मामा आले, आणि प्रशीलच्या घशात पोहे अडकले. मामा म्हणजे तोच जळगावचा दुकानदार!

"अक्का, याले तर पोर शे!" मामा बहिणीवर ओरडले. "दर महिन्याला तिच्यासाठी घोडा नेतो हा. परवाच जांभळा नेला!"

प्रशीलच्या आईच्या हातातला कप तसाच राहिला. सपनाने सरळ विचारलं, "खरं सांगा, कुणासाठी नेता तो घोडा?"

प्रशीलने एकदा सपनाकडे पाहिलं, एकदा आईकडे, आणि मान खाली घातली.

"मुलगी आहे मला. यंदा पहिलीत गेली."