टॉवेल-टोपीचा पुरावा

“आता कुणी बटणाला हात लावायचा नाही,” रुपालीनं दम भरला.

नारायणगावातल्या तिच्या कम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात टेबलावर उघडा मदरबोर्ड पडला होता. समोर तिघं. एका टोकाला पिंपरी पेंढारचे भगवंतराव, दुसऱ्या टोकाला त्यांचे मेहुणे, अवसरीचे गेणभाऊ, आणि मध्ये अंजनाबाई. एकाची बायको, दुसऱ्याची बहीण. बिचारीनं बघायचं तरी कुणाकडं?

भांडण टॉवेल-टोपीचं. लेकीच्या लग्नात मामाचा मान केला, असं भगवंतराव म्हणत. केलाच नाही, असं गेणभाऊ. अहो, मांडवात मामाला विसरायचं म्हणजे काय खायचं काम आहे? तेव्हापासून गेणभाऊंनी बहिणीच्या उंबऱ्याला पाय लावला नव्हता. अंजनाबाईंचं माहेरच तुटायची वेळ आली. शेवटी ठरलं, लग्नाचा व्हिडिओ बघायचा आणि काय ते खरंखोटं करायचं.

तर शूटिंगवाल्या अमृतनं नेमका तेव्हाच घोळ घातला. व्हिडिओ लवकर तयार व्हावा म्हणून त्यानं आपल्या कम्प्युटरच्या प्रोसेसरचा स्पीड नको तेवढा ताणला. मशीन मध्येच गचकलं आणि बायोस, म्हणजे बोर्डाला जागं करणारा प्रोग्रॅमच, बिघडला. पडदा काळा ठिक्कर.

रुपालीनं बोर्डावरच्या इवल्याशा चिपला क्लिप लावली होती. वायरचं दुसरं टोक तिच्या लॅपटॉपला. तिथनं चांगला बायोस चिपमध्ये उतरत होता.

“आन् न्हाई जमलं तर?” गेणभाऊंनी विचारलं.

“तर बोर्ड गेला, मामा.”

“म्हंजी आमच्या पोरीचं लगीनबी गेलं?”

रुपालीनं नुसतं लॅपटॉपकडं बोट दाखवलं. तिथला आकडा चाळीस टक्क्यांवर अडून बसला होता.

गेणभाऊंचा चेहरा उतरला. सासरी निघताना भाची गळ्यात पडून रडली होती, ते त्यांना आठवलं. डोळे भरून आले.

“टोपी गेली खड्ड्यात,” ते म्हणाले. “तेवढं लगीन वाचव माय.”

भगवंतराव उठले. मोठा ताठ माणूस, जन्मात कुणाची माफी मागितलेली नाही. त्यांनी डोक्यावरची टोपी काढली आणि मेहुण्याच्या डोक्यावर ठेवली.

“माजीच चूक आसंल, पावणं. गर्दीत ऱ्हायलं आसंल.”

“जाऊ द्या दाजी. मीच लई ताणलं.”

अंजनाबाईंनी पदर तोंडाला लावला.

आकडा शंभरावर गेला. रुपालीनं क्लिप काढली, बोर्डाला वीज दिली. पंखा फिरला, बीप वाजली आणि पडद्यावर अक्षरं उमटली. “आला!” गेणभाऊ ओरडलेच. सगळ्यांचा जीव भांड्यात पडला.

“लावू का आता व्हिडिओ?” रुपालीनं विचारलं.

“कशाला?” भगवंतराव म्हणाले. “काय बघायचं ऱ्हायलंय?”

“चला दाजी, घरी जेवायलाच येतो,” गेणभाऊ म्हणाले. “बहिणीच्या हातचं खाऊन लई दिस झालं.”

दोघं बोलत बोलत बाहेर पडले.

“व्हा पुढं, आलेच,” अंजनाबाई म्हणाल्या. मग त्या टेबलावर वाकून हळूच म्हणाल्या, “बाई, काल त्या मशीनची डिस्क काढून तुज्या लॅपटॉपवर मला लगीन दावलंस न्हवं, आमचं ह्ये टॉवेल-टोपी घिऊन दादाच्या म्होरनं तसंच निघून गेल्यालं? तेवढं कापलंस ना?”