अकोटची चौथी तक्रार

“अजून नाई आलं!” वजनकाट्यावरचा मोतीराम खिडकीतून ओरडला, आणि पौर्णिमाने हातातला चहा तसाच खाली ठेवला.

स्क्रीनवर तेच ठरलेलं वाक्य होतं. प्रॉक्सी सर्व्हर प्रतिसाद देत नाही. अकोटच्या नत्थुजींच्या जिनिंग कारखान्यातल्या सगळ्या कॉम्प्युटरचं इंटरनेट कोपऱ्यातल्या एका जुन्या मशीनमधून जायचं. कामाच्या वेळी कोणी क्रिकेट पाहत बसू नये, म्हणून नत्थुजींनीच हौसेने ही प्रॉक्सी बसवून घेतली होती. आता ती रुसली की काट्याच्या पावत्या अडायच्या आणि फाटकापर्यंत कापसाच्या गाड्यांची रांग लागायची.

तीन आठवड्यांतली ही चौथी तक्रार. पहिल्यांदा केबल सैल निघाली, दुसऱ्यांदा पिन निसटलेली, तिसऱ्यांदा सेटिंगमधला पोर्टचा आकडाच बदललेला. दर वेळी पौर्णिमा अकोल्याच्या कॉम्प्युटर दुरुस्तीच्या ऑफिसातून एसटीने यायची, सगळं सुरळीत करून जायची, आणि चार दिवसांत पुन्हा फोन.

या वेळी साहेबांनी सांगून टाकलं होतं, “आज मिटलं नाही तर तुझी फिरती बंद. उद्यापासून प्रीतम जाईल, तू ऑफिसात फोन घे.” दोन वर्षं हट्ट धरून तिने फिरतीचं काम मिळवलं होतं. ते आता एका खटारा मशीनपायी जायची वेळ आली होती.

त्यात गोदाबाई. नत्थुजींची ही बायको दर वेळी घरातून खुर्ची आणून तिच्याशेजारी बसायची. घर जिनिंगच्या आवारातच होतं.

“लगन झालं काय वं तुह्यं?”

“नाही, आजी.”

“गाव कोनतं?”

“अमरावती. अकोल्याला खोली करून राहते.”

“एकटीच?” गोदाबाई पुढे सरकल्या. “अन् सहाची गाडी हुकली तं?”

“सातची धरते.”

“गाडीत कोनी आगाऊपना केला तं?”

“त्याच्यापेक्षा मोठ्याने बोलते.”

“माय काय म्हनते तुही?”

“आधी रडली. आता रोज फोनवर जेवलीस का विचारते.”

गोदाबाईंनी मान डोलावली. नातू शिवम तेवढ्यात पोह्यांची बशी ठेवून बाजूला उभा राहिला. सत्तावीस-अठ्ठावीसचा, इस्त्रीचा शर्ट. नात पायल आतल्या दारात उभी राहून पौर्णिमाच्या बोटांकडे एकटक पाहत होती. नणंदेची नजर म्हणतात ती हीच, असं पौर्णिमाला वाटलं, आणि मग मात्र तिच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. चार वेळा पोहे, चार वेळा चौकशी. इथे प्रॉक्सी नाही, तिलाच पाहणं चाललं होतं!

ती मुकाट्याने मशीनमधली नोंद उघडून बसली. कोण कधी आत शिरलं आणि काय बदललं, हे त्यात सगळं लिहिलेलं असतं. आज अकरा वाजून दहा मिनिटांनी कोणीतरी पासवर्ड टाकून पोर्ट बदलला होता. मागच्या वेळीही तसंच. दोन्हीकडे लॅपटॉपचं नाव एकच होतं, शिवम. पासवर्ड शोधायला कुणाला लांब जायची गरजही नव्हती. नत्थुजींनी तो चिठ्ठीवर मोठ्या अक्षरांत लिहून मशीनवरच चिकटवला होता.

तिने पोर्ट दुरुस्त केला, पासवर्ड बदलला, चिठ्ठी फाडली. “आलं, आलं!” मोतीराम खिडकीतून म्हणाला. बाहेर ट्रॅक्टर सुरू झाला.

आता गप्प बसावं आणि निघावं, हे तिला कळत होतं. गिऱ्हाईक दुखावलं तर साहेब आणखीच भडकले असते. पण गप्प बसली तर चार दिवसांनी पाचवी तक्रार आणि तिच्या जागी प्रीतम.

“आजी,” ती उठून उभी राहिली, “मुलगी पाहायची तर माझ्या बाबांना फोन करायचा होता. शिवमच्या लॅपटॉपवरून मशीन बिघडवून मला बोलवून घेता, यात माझं काम जाईल, हे कोणाच्या ध्यानात आलं नाही?”

शिवमने कपाळाला हात लावला.

“त्याचं जमलं हाये वं,” गोदाबाई म्हणाल्या. “माघात लगन हाये त्याचं.”

पायल दारातून पुढे आली. “लॅपटॉप दादाचा आहे, ताई. बिघडवत मी होती. केबलही मीच काढली.”

“म्याच सांगतलं तिले,” गोदाबाई म्हणाल्या. “तुह्या साहेबाले मी सोता फोन करतो, तुह्यावर आळ नाई येऊ देत. हे पोरगी पुन्याच्या कंपनीत लागली. तुह्यासारखंच काम, एकटीनं गावोगाव फिराचं. महिना झाला, मी तिले नाई म्हनून बसली होती. म्हनलं, असं काम करनारी पोरगी आधी आपल्या डोयानं चार डाव पाहून घेऊ.”

मग त्या नातीकडे वळल्या. “जाय पायल, बॅग भर.”