शेवटपर्यंत बसलेला प्रेक्षक

“विश्वास बसणार नाही तुमचा, पण काल मूकपटाला अख्खं थिएटर उठून गेलं, शेवटपर्यंत बसलो तो मी एकटाच!” श्यामबाजारच्या टपरीवर अनादिबाबूंनी चष्मा पुसत फुशारकी मारली. दृष्टी जाऊन वर्ष झालं होतं. संपादकाला कळलं असतं तर चाळीस वर्षांचं सिनेपरीक्षणाचं सदर गेलं असतं, म्हणून नवेजुने सिनेमे ते कानांनीच बघत आणि परीक्षण बायकोकडून लिहून घेत. काल मात्र ना संवाद, ना संगीत. खेळ संपला की नाही ते न कळून दरवानाच्या किल्ल्या वाजेपर्यंत खुर्चीत अडकून पडले होते. “गोष्ट काय होती, दादा?” चहावाल्यानं विचारलं. “अरे, विधवा गंगेत उतरते तेव्हा पडदासुद्धा रडतो! हल्लीच्या लोकांना धीरच कुठाय?” बाकावर चहा पीत बसलेला थिएटरचा मशीनवाला गोपेन हसला. “थापा पुरे, दादा! मशीन सुरूच झालं नाही. पडद्यावर ‘खेळ रद्द’ अशी हातभर पाटी लावली होती मी. दिसली नाही?”